मूळ संख्येची परीक्षा : भागाकार कोठे थांबवावा?

मूळ संख्येची व्याख्या मुले बिनचूक म्हणून दाखवितात. परंतु ९१ ही मूळ संख्या आहे काय, असे विचारताच बहुतेक हात होकारार्थी वर येतात. २, ३ व ५ यांनी भाग गेला नाही की त्यांचे समाधान होते. तेराच्या पाढ्यातील एक्याण्णव कोणास आठवत नाही. एका शाळेत तर फळ्यावरील मूळ संख्यांच्या यादीतच ९१ विराजमान झालेली आढळली! व्याख्या शिकविली जाते, परीक्षा शिकविली जात नाही, हे याचे कारण होय.

संख्या दोन अवयवांचा गुणाकार असेल, तर ते दोन्ही अवयव तिच्या वर्गमूळाहून मोठे असू शकत नाहीत. म्हणून वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरे. ९७ साठी २, ३, ५, ७ एवढेच भाजक लागतात. पुढे भागत राहणे हा केवळ पाटीचा अपव्यय आहे.

आता २ च्या ३१ व्या घातातून १ वजा करावा. २,१४,७४,८३,६४७ ही संख्या येते. तिचे वर्गमूळ ४६,३४० हून किंचित अधिक असून तेथपर्यंत साडेचार हजारांहून अधिक मूळ संख्या आहेत. दृष्टी जवळजवळ गेलेल्या ऑयलर या गणितज्ञाने १७७२ मध्ये ही संख्या मूळ असल्याचे कळविले. ते त्याने कसे साधले? अशा संख्येच्या मूळ भाजकातून १ वजा केल्यास ६२ ने भाग गेलाच पाहिजे. शिवाय त्या भाजकास ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च उरते. या दोन अटी एकत्र केल्या म्हणजे २४८ ने भागून १ किंवा ६३ बाकी उरणाऱ्या मूळ संख्याच तपासाव्या लागतात. पहिलीच ३११, तिने भागल्यास बाकी ३५ उरते. अशा रीतीने हजारो भागाकारांचे काम शंभराच्या आत येते.

पीटर बार्लो याने १८११ मध्ये, या मूळ संख्येपासून मिळणाऱ्या परिपूर्ण संख्येहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधी सापडणार नाही, असे लिहिले. १८७६ मध्ये ल्यूका याने ३९ अंकी संख्या मूळ ठरविली, आणि २०२४ मध्ये संगणकांच्या साहाय्याने चार कोटींहून अधिक अंकांची सापडली. इतक्या मोठ्या संख्यांसाठी अर्थात निराळी कसोटी लागते.

वर्गात एवढे खोल जाण्याचे कारण नाही. घातांक विषम मूळ संख्या असता त्याच्या दुपटीच्या पटीत १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्याच भाजक होऊ शकतात, एवढा नियम सांगावा; त्याची सिद्धता पुढील इयत्तांवर सोपवावी. मग २ चा ११ वा घात उणे १, म्हणजे २०४७, वरच्या वर्गास द्यावी. बावीस अधिक एक तेवीस. २३ ने भागताच ८९ येतात आणि ही संख्या मूळ नव्हे, हे मुलांच्या हातूनच सिद्ध होते. त्यानंतर १३ व्या घाताची ८१९१ द्यावी. येथे वर्गमूळ ९० च्या थोडे पुढे आहे व तेथपर्यंत २४ मूळ संख्या आहेत; परंतु नियमात बसणाऱ्या केवळ ५३ व ७९. बाक्या अनुक्रमे २९ व ५४ उरतात.