मोहरीतला पिवळा धोतरा आत्ताच ओळखा

मोहरीचा बहर ओसरून शेंगा भरल्या आहेत. म्हणजे वडनेर परिसरातल्या वावरात या दिवसांत मोहरीच्या ओळीत जे पिवळं फूल डोलताना दिसतं, ते बहुधा मोहरीचं नसतं. मोहरीच्या फुलाला पाकळ्या चार. हे फूल मोठं, वाटीसारखं, कागदासारख्या पातळ सहा पाकळ्यांचं. पानं निळसर हिरवी, कडेला काटे, शिरांवर पांढरे पट्टे. करडईही काटेरी असते म्हणून गोंधळ होतो, पण देठ मोडून पाहा: हळदीसारखा पिवळा चीक आला की तो पिवळा धोतरा, म्हणजेच काटेधोत्रा. नावात धोतरा असला तरी हा धोतऱ्याच्या नव्हे, खसखशीच्या कुळातला. नावावरून ओळख पटवायला गेलात की इथेच फसता.

एवढ्या रानफुलाचा बाऊ कशाला, असं विचारलं जातं. बाऊ फुलाचा नाही, बियांचा आहे. काटेरी बोंडातलं काळं बी आकाराने मोहरीएवढंच, त्यामुळे चाळणीतून वेगळं निघत नाही. घाण्यावर ते मोहरीसोबत भरडलं गेलं की सँग्विनरिन हे विष तेलात उतरतं, आणि फोडणीच्या आचेवर ते जात नाही. 1998 मध्ये दिल्लीत अशा तेलामुळे साठहून अधिक माणसं दगावली. पाय सुजतात, धाप लागते, हृदय थकतं, डोळ्यांत काचबिंदू होतो. आणि याच झाडाचा चीक डोळ्यांत घालायचा घरगुती उपाय अजून सांगितला जातो! तो बंद करा. 'आमची मोहरी घरापुरतीच' हे उत्तर तर उलटंच आहे. बाजारात विकलेलं तेल दहा घरांत विभागतं, घरचं मात्र रोज एकाच ताटात पडतं. शंका असेल तर बी नखाने चिरडा: मोहरी बाहेरून गुळगुळीत, आतून पिवळी; धोतऱ्याचं बी खरबरीत, आतून पांढरं.

फवारणीचा आग्रह धरू नका. रुंद पानांचं तण मारणारं टू-फोर-डी मोहरीलाही मारतं, कारण मोहरीही रुंद पानांचीच, आणि शेजारच्या वावरात कपाशी उभी असेल तर वाऱ्याने गेलेला फवारा तिची पानं आखडवतो. मिठाचं पाणी ओतणं म्हणजे जमीन नासवणं. काम हाताचंच आहे. हातमोजे घाला, ओल असताना मुळासकट उपटा, बोंड धरण्याआधी. बोंडं धरली असतील तर झाड धुऱ्यावर किंवा उकिरड्यात फेकू नका. एका बोंडात शेकडो बिया, आणि त्या पावसाच्या पाण्याबरोबर खालच्या वावरात जातात. पोत्यात भरून बाहेर न्या, वाळवून जाळा. कापणीच्या आदल्या दिवशी ओळीतून एकदा फिरा, कारण विळ्याला मोहरी आणि धोतरा यांतला फरक कळत नाही. ज्या वावरात धोतरा खूप होता, तिथली मोहरी बियाण्याला ठेवू नका, आणि हाताने निवडून पाहिल्याशिवाय घाण्यावर नेऊ नका.