एक कोयता

दसरा सरतो, बाजरीची खळी आटोपतात आणि बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगराळ भागात गावोगाव निघण्याची तयारी सुरू होते. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांत जमीन हलकी आणि पाऊस बेभरवशाचा. खरिपाचे पीक घरात आले की पुढे गावात फारसे काम उरत नाही. म्हणून हजारो कुटुंबे सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत, तशीच कर्नाटकातही, ऊसतोडीसाठी जातात.

या प्रवासाला बहुधा नवरा-बायको जोडीने निघतात. मुकादमाच्या वहीत त्या जोडीची नोंद ‘एक कोयता’ अशी होते. माणसे दोन, पण नाव मात्र हत्याराचे! हंगामापूर्वी मुकादम जी रक्कम आगाऊ देतो, तिला ‘उचल’ म्हणतात. ती मजुरीतून फेडावयाची असते. त्यामुळे उंबरठा ओलांडण्यापूर्वीच पैशापैशाचा हिशेब मांडावा लागतो.

ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सारा संसार चढतो. बाजरीचे पोते, तवा, काठवट, घागर, अंथरुणे, कधी एखादी शेळीही बरोबर असते. परगावी धान्य विकत घ्यावे तर मजुरी त्यातच संपेल. म्हणून घरचे धान्य नेणे ही पहिली काटकसर होय. वाटेत खाण्यासाठी फडक्यात बांधलेल्या भाकरी, लसणाची चटणी आणि कांदा एवढीच शिदोरी असते.

मुक्कामाच्या तळावर कोपी उभी राहते. पहाटे तीन-चारला बाई उठते, चूल पेटवते आणि दिवसभराच्या भाकरी थापते. उजाडताना दोघेही फडात असतात. बुडख्याकडील कांड्यांत साखर अधिक असते, म्हणून ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. एकाने तोडायचे, दुसऱ्याने वाढे छाटून मोळ्या बांधायच्या. तोडलेला ऊस ठेवून दिला तर त्यातील साखर घटत जाते. म्हणून गाडी रात्री आली, तरी मोळ्या डोक्यावर वाहून ती भरावीच लागते.

दुपारी बांधावर बसून ठेच्याशी भाकरी खायची. रात्री पातळ आमटी झाली तर तेच पक्वान्न. वाढे चाऱ्यासाठी विकून जे चार पैसे येतात, त्यांत तेल-मीठ भागते. आजारपणाने एक दिवस बुडाला तर त्याला ‘खाडा’ म्हणतात. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, पण पुष्कळदा वर दंडही कापला जातो.

आता थोडे गणित पाहू. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. १ टन म्हणजे १००० किलो. तेवढ्या उसापासून सुमारे १०० किलो साखर होते. म्हणजे १ किलो साखरेमागे दोन माणसांना मिळून पावणेचार रुपयेही पडत नाहीत.

या हिशेबात मुलांचाही रकाना असतो. आईबापांबरोबर गेलेल्या मुलांची शाळा सुटते. थोरली बहीण धाकट्या भावंडाला सांभाळत कोपीपाशी बसते. हे टळावे म्हणून गावी राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली. २०२१ मध्ये राज्य शासनाने संत भगवानबाबा वसतिगृह योजना सुरू केली. तरीही लेकराला आजीच्या स्वाधीन करून ट्रकमध्ये चढणाऱ्या आईचा पाय जड होतोच. पोटाला चिमटा घेऊन ती जे वाचवते, ते त्या लेकराच्या शिक्षणासाठीच.

वसंतात हंगाम संपतो आणि गाड्या गावाकडे वळतात. उचल फिटून जे उरेल ते दोघांच्या घामाचे असते. पण ते बहुधा पुरुषाच्याच हाती पडते. साखरेचा डबा उघडताना आपण त्या दोघांची आठवण ठेवावी. ज्या दिवशी वहीत ‘एक कोयता’ न लिहिता दोन माणसांची दोन नावे लिहिली जातील, त्या दिवशी त्यांच्या कष्टांची खरी नोंद झाली असे म्हणता येईल.

स्वाध्याय

१. ऊस जमिनीलगत का तोडतात?
२. हे जोडपे कोणकोणत्या प्रकारे काटकसर करते?
३. ‘माणसे दोन, पण नाव मात्र हत्याराचे’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.