पिकअपला नवे टायर घेताना : आधी वजन, मग नक्षी



ऊसबिल खात्यावर जमा झाले की तालुक्याच्या गावी टायरच्या दुकानांत गर्दी होते, हे आपण सगळेच पाहतो. हंगामभर पुढे ढकललेले काम त्या आठवड्यात उरकले जाते. दुकानदार दोन-तीन टायर पुढे टाकतो, गिऱ्हाईक नक्षीवरून हात फिरवते, "कितीला देताय?" म्हणून विचारते आणि सौदा होतो. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या टायरबाबत आपला सभासद चांगला जाणकार आहे. पण आता पुष्कळ घरी पिकअप किंवा जीपच्या अंगाची मोठी गाडी आली आहे, आणि तिचे टायर मात्र नक्षी व किंमत या दोनच गोष्टींवर घेतले जातात. म्हणून या अंकात हा पाठ घेतला आहे.

प्रथम "ऑल सीझन" या शब्दाचा उलगडा करू. हल्ली दुकानात हा शब्द फार ऐकू येतो. तो आला थंड मुलखातून. तिकडे साधारण सात अंशांखाली उन्हाळी टायरचे रबर कडक होते आणि पकड सोडू लागते. त्यामुळे हिवाळ्यात मऊ रबराचे वेगळे टायर चढवावे लागतात. वर्षातून दोनदा ही उस्तवार नको म्हणून दोन्ही ऋतूंत बऱ्यापैकी चालणारा मधला टायर निघाला, तो ऑल सीझन. त्याच्या बाजूवर बहुधा "एम" आणि "एस" ही अक्षरे असतात, म्हणजे चिखल आणि बर्फ. आपल्याकडे बर्फाचा प्रश्नच नाही. आपले ऋतू निराळे. एप्रिल-मेमध्ये डांबर वितळेल असे ऊन, पुढे चार महिने पाऊस आणि काळ्या रानातला चिखल, आणि दिवाळीच्या मागेपुढे गाळप सुरू झाले की ओझे. तेव्हा आपला बारमाही टायर म्हणजे उन्हात भरल्या गाडीखाली फार न तापणारा, पावसात पाणी बाहेर फेकणारा आणि पाणंदीत तग धरणारा. ती दोन अक्षरे आहेत की नाहीत, यावर आम्ही फार भर देणार नाही.

भर द्यायचा तो वजनाच्या आकड्यावर. टायरच्या बाजूवर एक ओळ असते. उदाहरणार्थ, २१५/७५ आर १५ १०० एस. यात २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, अर्थात १६१ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. इथवर बरेच जण वाचतात. पण पुढचा १०० हा आकडा कोणी पाहत नाही, आणि खरे मर्म तिथेच आहे. हा भारांक. तो किलो नव्हे, तक्त्यातला क्रमांक आहे. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५०, १०८ म्हणजे १००० किलो. शेवटचे अक्षर वेगाचे. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर. आपल्या पिकअपला त्याचे काय कौतुक!

आता हिशेब करू. समजा, रिकामी पिकअप १७०० किलोची आहे आणि तिच्यात १३०० किलो माल भरला. एकूण झाले ३००० किलो. चार टायरांत सारखे वाटले तर ७५० येतात, म्हणून १०० भारांकाचा टायर पुरेसा वाटतो. पण माल सारखा वाटला जात नाही, तो मागच्या चाकांवर बसतो. मागच्या ॲक्सलवर १९०० किलो आले, तर एकेका टायरवर ९५० किलो होतात. ८०० किलोच्या टायरवर दीडशे किलो जास्त! खताच्या तीन पोत्यांहून अधिक वजन झाले हे. आणि पोती मोजूनच भरली तर. "आणखी दोन टाका, काय होतंय" हे आपल्याकडे नेहमीचेच.

त्याच मापाचा टायर माणसे नेणाऱ्या मोठ्या गाडीसाठीही मिळतो आणि माल नेणाऱ्या गाडीसाठीही मिळतो. रिमवर दोन्ही बसतात, दिसायलाही जवळपास सारखेच. पहिला थोडा स्वस्त आणि चालायला मऊ असतो, म्हणून मोह होतो. तो पिकअपच्या मागच्या चाकाला चढवला की पहिले काही महिने काही कळत नाही. मग मे महिन्यात भरल्या गाडीने घाट उतरताना एक दिवस कळते. गाडीच्या ड्रायव्हरच्या दारापाशी बहुधा एक पट्टी चिकटवलेली असते, नाहीतर गाडीबरोबरचे पुस्तक असते. त्यात लिहिलेल्या भारांकापेक्षा खालचा टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, हे आम्ही स्पष्ट सांगतो. काही टायरवर "८ पीआर" असे असते. त्याचा अर्थ आत आठ थर आहेत असा नाही. सुती धाग्याच्या काळातली ती मजबुतीची मोजणी आहे, नाव तेवढे टिकले.

तरुण सभासदांना रुंद टायरची हौस असते. २१५ च्या जागी २३५ घातला की चाकाचा व्यास ७०४ वरून ७३४ मिलिमीटर होतो. म्हणजे चार टक्के वाढ. मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी बासष्टच्या पुढे असते, चढावर इंजिन कुंथते आणि वळणावर टायर मडगार्डला घासू शकतो. गाडी झोकदार दिसते, हे मान्य.

नक्षीचे तीन ढोबळ प्रकार आहेत. एच टी हा डांबरी रस्त्याचा, एम टी हा चिखलाचा, ए टी दोन्हींच्या मधला. एम टी चे मोठे ठोकळे रानात छान चालतात, पण डांबरावर घुमतात, लवकर झिजतात आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी देतात. शिवाय काळी माती चिकट. ती खाचा भरून टाकते, आणि मग कोणतीही नक्षी गुळगुळीतच. ज्यांची गाडी दूध, भाजीपाला, खत घेऊन बहुतेक डांबरावर पळते त्यांनी एच टी घ्यावा. रोज पाणंदीतून वस्तीवर जाणे असेल तर ए टी. ऊस तुटलेल्या फडात मात्र कोणताही टायर घालताना सांभाळावे. बुडख्यांची टोके साईडवॉलला लागतात, आणि तिथली जखम पंक्चर काढून बरी होत नाही.

दोनच टायर घेणार असाल तर ते मागे घालावेत. आपल्याकडे चांगले टायर पुढे घालायची रीत आहे, "स्टिअरिंग पुढे आहे ना" म्हणून. पण पावसाच्या पाण्यावर पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की बहुधा ताब्यात येते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणे भल्याभल्यांना जमत नाही. जुने टायर पुढे जाणार, म्हणून तेही धड असले पाहिजेत. खाचेच्या तळाशी रबराची आडवी उंचवटी असते, ती १.६ मिलिमीटरची. नक्षी झिजून तिच्या बरोबरीला आली की टायर संपला. पावसाळ्यासाठी आम्ही म्हणू, तीन मिलिमीटरलाच बदला. एकाच ॲक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन असा जोड लावू नये. रिमोल्ड टायर ट्रॉलीला ठीक, पिकअपच्या पुढच्या चाकांना नको.

समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून "सिमेंटच्या रस्त्यावर टायर फुटतात" असे सर्रास बोलले जाते. सगळा दोष सिमेंटचा नाही. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते, दबली की तापते. त्यात जादा ओझे, दुपारचे ऊन आणि तासन्‌तास एकसारखा वेग. गावच्या रस्त्यावर खड्ड्यापायी वेग आपोआप कमी होतो म्हणून तोच टायर तग धरतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी आणि मागच्या चाकांत भरल्या गाडीचा आकडा ठेवावा. वाटेत टायर गरम लागला म्हणून हवा सोडणारे आहेत. ते उलटे काम आहे.

टायर विकत घेताना आयएसआय खूण आणि चार आकडी तारीख पाहावी. २३२५ असेल तर २०२५ सालचा तेविसावा आठवडा. फार दिवस दुकानात पडून राहिलेला टायर "नवाच आहे" म्हणून घेऊ नये. पक्के बिल मागावे, हमीसाठी तेच लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, बिलावर तो दर ताडून पाहावा.

आणि त्याच दिवशी गाडीखाली वाकून स्टेपनीची तारीखही वाचावी. न वापरलेल्या टायरचे रबरही वयाने कडक होते, बाजूला बारीक चिरा पडतात. पाच-सहा वर्षे झालेली स्टेपनी दुकानदाराकडून नीट तपासून घ्यावी. दहा वर्षांची असेल तर नक्षी कोरी असली तरी ती परत गाडीखाली टांगू नये.