काळ्या पाषाणातील शिंपले : समुद्राचे की तळ्याचे?

विहीर खोदताना दगडात शंख किंवा शिंपला सापडला, की येथे पूर्वी समुद्र होता, असा समज सहज होतो. मुडबी (ता. बसवकल्याण, जि. बीदर) परिसरातील काळ्या पाषाणाबाबत हा समज तपासून घेतला पाहिजे.

समुद्राची खात्रीची खूण म्हणजे स्कॅलप. पंख्यासारखा पसरट, कंगोरे असलेला हा शिंपला. बिजागरीच्या दोन्ही बाजूंस त्याला कानांसारखे कोपरे असतात. झडपांची उघडझाप करून तो चक्क पोहतो! त्याचे कूळ ट्रायासिक कालापासून, म्हणजे वीस कोटींहून अधिक वर्षे, समुद्रातच नांदत आले आहे. म्हणूनच नर्मदेच्या खोऱ्यातील बाघ येथील चुनखडकांत त्याचा नातलग निथिया आढळतो, तेव्हा क्रिटेशस काली समुद्र तेथवर शिरला होता, हे कळते.

मुडबीचा पाषाण मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. दोन उद्रेकांच्या दरम्यान ठिकठिकाणी तळी साचत आणि त्यांचा गाळ पुढील लाव्ह्याखाली गाडला जाई. गुरुमठकल (आता यादगीर जिल्हा) येथील अशा गाळात गोड्या पाण्यातील सूक्ष्म कवचधारी प्राणी मिळाले आहेत. नागपूरजवळील टाकळी येथील असेच जीवाश्म स्टीफन हिस्लॉप यांनी १८६० मध्ये वर्णिले. त्यांपैकी फायसा ही गोगलगाय ओळखण्यास सोपी : शंखाचे टोक वर व तोंड आपल्याकडे धरल्यास ते तोंड डावीकडे येते.

नमुना मिळाल्यास शिक्षकांनी शिंपल्याचे कान व शंखाच्या तोंडाची बाजू पाहावी. आणि तो कोणत्या थरातून, किती खोलीवरून निघाला, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे.