लिनक्सवरून प्रिंट निघत नाही? चार पायऱ्यांत दोष शोधा



उद्या घटक चाचणी आणि आज संध्याकाळी प्रिंटर गप्प! अशा वेळी आपण पुन्हा पुन्हा प्रिंटचं बटण दाबतो. तिथेच थांबा. दाबलेलं प्रत्येक काम संगणक रांगेत ठेवतो. प्रिंटर सुरू झाला की चाळीस पानांच्या जागी दोनशे पानं बाहेर येतात.

लिनक्स हे युनिक्सच्या घराण्यातलं. उबुंटू असो वा बॉस, छपाईचं काम 'कप्स' ही प्रणाली सांभाळते. काम संगणकातून रांगेत, तिथून नेटवर्कवरून प्रिंटरकडे जातं. दोष शोधताना प्रिंटरकडून मागे या.

१. प्रिंटर : कागद, टोनर, अडकलेलं पान बघा. मग प्रिंटरच्याच मेनूतून नेटवर्क माहितीचं पान काढा. ते निघालं म्हणजे यंत्र ठीक आहे. त्यावरचा आयपी पत्ता (उदा. १९२.१६८.१.५०) लिहून घ्या.

२. नेटवर्क : टर्मिनल उघडून 'पिंग' आणि तो पत्ता टाइप करा. (सगळ्या आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत.) उत्तरं येत राहिली तर रस्ता मोकळा आहे, थांबवायला कंट्रोल आणि सी दाबा. उत्तर नसेल तर केबल बघा, दोन्ही यंत्रं एकाच नेटवर्कवर आहेत का तेही बघा.

३. रांग : आता 'एलपीस्टॅट -टी' ही आज्ञा द्या. यात दोन गोष्टी वाचा.

पहिली, पत्ता. वीज जाऊन आली की राउटर कधीकधी प्रिंटरला नवा पत्ता देतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर काम पाठवत राहतो. बदली झालेल्या गुरुजींना जुन्या शाळेत पत्र टाकल्यासारखं! इथला पत्ता कागदावरच्या पत्त्याशी जुळत नसेल तर प्रिंटर नव्याने जोडा आणि राउटरमध्ये तो पत्ता कायमचा राखून ठेवा.

दुसरी, 'डिसेबल्ड' हा शब्द. एखादं काम फसलं की कप्स रांग थांबवू शकते. मग प्रिंटर नीट असूनही काही निघत नाही. आधी 'कॅन्सल -ए' देऊन साचलेली कामं काढा. यात सहकाऱ्यांची कामंही जातील, म्हणून विचारून घ्या. नंतर 'कप्सएनेबल' आणि प्रिंटरचं नाव द्या. अधिकार नाही असा संदेश आला तर आज्ञेआधी 'सुडो' लिहा.

४. ड्रायव्हर : पान निघतं, पण त्यावर नुसती चिन्हं? मग बहुधा ड्रायव्हर चुकीचा आहे. ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट:६३१' उघडा. तिथे कप्सचं पान दिसेल. त्यात प्रिंटरचं योग्य मॉडेल निवडा.

प्रत्येक पायरीनंतर एकच पान छापून बघा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कळत नाही. विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना हेच शिकवतो ना? मग संगणक कक्षातल्या मोठ्या मुलांना या तपासणीत जरूर सोबत घ्या.