वेदनाशामक औषधे चालू असताना वाहन चालविणे : कायदा, विमा आणि आपली जबाबदारी

जमाखर्चाची पाने संपल्यानंतर अहवालाच्या अखेरीस रुग्ण व त्यांच्या नातेवाइकांच्या उपयोगाचा एक लेख देण्याची आपल्या रुग्णालयाची प्रथा आहे. यंदाचा विषय निवडण्यास आम्हांस फारसे प्रयास पडले नाहीत. तो एका रुग्णामुळे आमच्यासमोर येऊन उभा राहिला आणि मनातून अद्याप गेलेला नाही.

लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा आपणां सर्वांस परिचित आहे. मार्गशीर्ष वद्यात भरणाऱ्या या यात्रेच्या दिवसांत नांदेड-लातूर रस्त्यावर प्रवासी जीपगाड्यांची रीघ लागते. काही वर्षांपूर्वी अशीच एक जीप पहाटेच्या सुमारास, सरळ रस्त्यावर, समोर कोणीही नसताना हळूहळू डावीकडे कलत गेली आणि चारीत उतरून बाभळीला अडली. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही. मात्र मागच्या बाकावर बसलेल्या सत्तरीच्या एका आजींचे मांडीचे हाड मोडले व त्यांना आपल्याच रुग्णालयात आणण्यात आले. चालकाची श्वासचाचणी झाली. यंत्राने शून्य दाखविले, आणि शून्यच दाखविणार होते. गृहस्थ माळकरी, गळ्यात तुळशीची माळ. ‘साहेब, मी थेंबाला शिवत नाही,’ हे त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

खरे होते, पण पुरे नव्हते. त्याच्या खिशातून आपल्याच रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड निघाले. कमरेच्या दुखण्यासाठी तो आपल्याकडे दाखल होता आणि सहा दिवसांपूर्वीच त्याला सुटी मिळाली होती. कार्डावर ट्रामाडॉल दिवसातून दोनदा, प्रिगॅबालिन रात्री आणि स्नायू सैल करणारी आणखी एक गोळी, असे लिहिलेले होते. जीपचा हप्ता थकलेला; यात्रेचे चार दिवस म्हणजे त्याची महिन्याची कमाई. रात्रीच्या गोळ्या घेऊन तो पहाटे तीन वाजता गाडीवर बसला. कार्डावर पथ्य लिहिले होते, वजन उचलू नये असे लिहिले होते, पुन्हा दाखविण्याची तारीख लिहिली होती. गाडी चालवू नये, हे कोठेही लिहिलेले नव्हते. तोंडी कोणी सांगितले होते काय, याची आम्ही चौकशी केली. वॉर्डातील सिस्टरांना वाटले, डॉक्टरांनी सांगितले असेल. डॉक्टरांना वाटले, औषधाच्या खिडकीवर सांगतात. औषधाच्या खिडकीवर त्या दिवशी गर्दी होती. बिलाच्या खिडकीवर तर आमचीच माणसे होती. त्यांनी पैसे मोजून घेतले, पावती दिली व रजिस्टरवर सही घेतली.

आजींच्या शस्त्रक्रियेचा खर्च निर्धन रुग्ण निधीतून करण्यात आला. तो आकडा मागील पानांवरील ताळेबंदात समाविष्ट आहेच. तो खर्च मुळात टळण्यासारखा होता, ही गोष्ट ताळेबंदात दिसत नाही, म्हणून येथे नमूद करीत आहोत.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. औषधांचे ज्ञान आमचे नव्हे. म्हणून पुढील मजकूर आपल्या अस्थिरोगतज्ज्ञ व भूलतज्ज्ञ डॉक्टरांना वाचून दाखविला आहे. दुखण्यावरची सगळीच औषधे गुंगी आणतात असे नाही. पॅरासिटामॉल किंवा डायक्लोफिनॅक नुसते घेतल्यास बहुतेकांना झोप येत नाही. अडचण अशी की आपल्याकडे ते पुष्कळदा नुसते नसते. एकाच गोळीत क्लोरझॉक्साझोनसारखे स्नायू शिथिल करणारे द्रव्यही मिसळलेले असते, आणि रुग्ण मात्र तिला ‘अंगदुखीची साधी गोळी’ म्हणूनच ओळखतो. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, मॉर्फीन ही अफूच्या जातकुळीतील औषधे होत. ती वेदनेची जाणीव कमी करतात, तशीच मेंदूची तत्परताही कमी करतात. प्रिगॅबालिन व गॅबापेन्टिन ही औषधे दबलेल्या नसेसाठी, सायटिकासाठी किंवा मधुमेहातील तळपायांच्या आगीसाठी दिली जातात. त्यांनी चक्कर येते, काहींना अंधुक दिसते. अ‍ॅमिट्रिप्टिलिन रात्री घेतात, पण तिचा अंमल सकाळपर्यंत रेंगाळतो. टिझानिडीनने रक्तदाब उतरून उठताना अंधारी येऊ शकते. वयस्कर माणसाचे मूत्रपिंड कमजोर असेल तर प्रिगॅबालिनसारखे औषध शरीरात अधिक काळ राहते; तरुण मुलाला सोसलेली मात्रा वडिलांना सोसेलच असे नाही. यात कोणी दुकानातून परस्पर सर्दीची गोळी आणून घेतली, की तिच्यातील क्लोरफेनिरामिनची गुंगी वर चढते. मद्याविषयी तर बोलावयासच नको.

गुंगी म्हणजे डोळे मिटणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची आहे. माणूस जागा असतो, बोलतो, भाड्याचे पैसेही बरोबर मोजतो. मंदावलेली असते ती पाहणे आणि ब्रेक दाबणे यांमधील क्रिया, आणि हे त्याचे त्याला कळत नाही. आपला जीपचालकही शेवटपर्यंत म्हणत होता की मला झोप लागलीच नव्हती. तो खोटे बोलत होता असे आम्हांस वाटत नाही. येथे थोडे अंकगणित करून पाहावे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. ब्रेकवर पाय जाण्यास एक सेकंद उशीर झाला, तर जवळजवळ उसाचा एक ट्रॅक्टर व त्यामागील दोन ट्रॉल्या मावतील एवढे अंतर हातचे जाते. लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे जाणारा आपला रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ३६१ झाला आहे. तेथे ६० चा वेग कोण पाळतो? गाळपाच्या हंगामात रात्री मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या या रस्त्यावर किती असतात, हे आपण सर्वजण जाणतो.

धोका सर्वाधिक असतो तो औषध सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, आणि मात्रा वाढविल्यावर पुन्हा. कर्करोगाच्या रुग्णास मॉर्फीनची तीच मात्रा दीर्घकाळ चालू असेल, तर शरीर काही अंशी तिला सरावते. अशा रुग्णांनी वाहन चालवावे किंवा कसे, हे त्यांचे डॉक्टर तपासून सांगू शकतात. शिरेतून गुंगीचे औषध देऊन दुर्बिणीची तपासणी किंवा लहान शस्त्रक्रिया झाली असल्यास मात्र पुढील २४ तास वाहन चालवू नये. यात सवलत नाही.

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १८५ हे ‘दारू पिऊन गाडी चालविण्याचे कलम’ म्हणून प्रसिद्ध आहे, आणि म्हणूनच निर्व्यसनी माणसाला ते आपल्यासाठी नाही असे वाटते. या कलमाचे दोन भाग आहेत. पहिल्यात दारूचा आकडा दिला आहे : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक. दुसऱ्यात आकडा नाही. औषधी द्रव्याच्या अमलामुळे वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ असलेली व्यक्ती, एवढेच तेथे म्हटले आहे. ते द्रव्य डॉक्टरांनी लिहून दिलेले होते की नव्हते, असा भेद कलमात केलेला नाही. २०१९ च्या दुरुस्तीने या द्रव्यांच्या व्याख्येत गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीच्या १९८५ च्या कायद्यातील पदार्थ स्पष्टपणे समाविष्ट केले. ट्रामाडॉल एप्रिल २०१८ मध्येच त्या कायद्याखाली आलेले होते. म्हणजे आपल्या माळकरी चालकाच्या खिशातील चिठ्ठीवरचे पहिलेच औषध या कलमात बसते. डॉक्टरांची चिठ्ठी हा औषध बाळगण्याचा व घेण्याचा आधार आहे. त्याच्या अमलाखाली गाडी चालविण्याचा तो परवाना नव्हे. ही एक गोष्ट वाचकांच्या ध्यानात राहिली तरी या लेखाचे काम झाले.

पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. याखेरीज कलम १८६ आहे. आपल्या आजारामुळे वा अपंगत्वामुळे इतरांस धोका होईल हे ठाऊक असूनही सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविणाऱ्यास ते लागू होते. हात प्लास्टरमध्ये घालून मोटारसायकलवर घरी निघणारे रुग्ण आमच्या फाटकातून जाताना आम्ही स्वतः पाहिले आहेत. अपघातात कोणी दगावले तर प्रकरण भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ पर्यंत जाते, आणि तेथे निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आमच्या देणगीदारांपैकी अनेकांच्या डाळमिल, जिनिंग, दुकाने वा शाळा आहेत, आणि त्या सर्वांकडे चालक आहेत. त्यांच्यासाठी कलम १८८ महत्त्वाचे. कलम १८५ किंवा १८६ च्या गुन्ह्यास प्रोत्साहन देणाऱ्यासही तीच शिक्षा सांगितलेली आहे. चालकाला गुंगीची औषधे चालू आहेत हे ठाऊक असताना ‘गोळी खा आणि नांदेडची एक खेप मारून ये’ असे म्हणणे किती महागात पडू शकते, याचा मालकांनी शांतपणे विचार करावा.

विम्याचा मुद्दा आमच्या अधिक ओळखीचा असल्याने थोडे सविस्तर लिहितो. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीची नेहमीची पॉलिसी घरी असेल तर काढून पाहावी. मद्य अथवा अमली द्रव्याच्या प्रभावाखाली वाहन चालवीत असताना झालेले नुकसान तिच्यातून वगळलेले आढळेल. तिऱ्हाइताच्या नुकसानभरपाईसंबंधी कलम १५० मध्येही, कलम १८५ मध्ये सांगितलेल्या स्थितीत वाहन चालविणे, हा विमा कंपनीस बचावाचा मुद्दा म्हणून देण्यात आला आहे. दावा मान्य होईल की नाही, हे त्या त्या प्रकरणातील पुराव्यावर ठरते. परंतु ज्या कुटुंबाचा पोशिंदा आधीच अंथरुणाला खिळलेला आहे, त्याने न्यायाधिकरणाच्या तारखांना किती वर्षे हेलपाटे घालावेत? हप्ता वेळेवर भरला म्हणजे विमा पक्का, हा समज आम्ही पुष्कळ सुशिक्षितांतही पाहिला आहे.

आपल्याकडे या विषयाची चर्चा थोडी होते; परदेशांत ती बरीच पुढे गेली आहे. फ्रान्समध्ये औषधांच्या खोक्यांवर वाहनाचे चिन्ह छापलेले असते : पिवळे म्हणजे जपून, नारिंगी म्हणजे फार जपून, तांबडे म्हणजे चालवू नका. न वाचता येणाऱ्यासही ते कळते. इंग्लंडमध्ये मार्च २०१५ पासून मॉर्फीनसारख्या काही औषधांची रक्तातील मर्यादा आकड्यांत ठरविली आहे. डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार औषध घेतलेल्या व वाहनावर ताबा असलेल्या रुग्णास बचावाची सोयही तेथे ठेवली आहे. प्रसिद्ध गोल्फपटू टायगर वूड्स यांचे उदाहरण अनेकांनी वाचले असेल. एप्रिल २०१७ मध्ये त्यांच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली आणि मे महिन्यात फ्लोरिडात ते रस्त्याकडेला, इंजिन चालू असलेल्या गाडीत झोपलेले पोलिसांना आढळले. श्वासचाचणीत शून्य. पुढील तपासणीत दोन अफूवर्गीय वेदनाशामके, झोपेचे व चिंताशामक औषध आणि गांजातील घटक सापडले. ऑक्टोबरमध्ये त्यांनी बेदरकार वाहन चालविल्याची कबुली दिली. जगातील उत्तमोत्तम डॉक्टर दिमतीला असलेल्या माणसाची ही कथा. मग आपल्या जीपचालकाला काय म्हणावे!

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. हा लेख वाचून कोणी औषधच बंद करू नये. गाडी चालवायची म्हणून गोळी टाळणारे चालक आम्हांस भेटतात. कळ दाबून बसलेल्या माणसाचे लक्षही रस्त्यावर नसते. शिवाय ट्रामाडॉल किंवा प्रिगॅबालिन काही आठवडे घेऊन एकाएकी सोडल्यास अस्वस्थता, घाम, निद्रानाश असे त्रास होतात. औषध चालू ठेवावे आणि चाक दुसऱ्याच्या हाती द्यावे. आणखी म्हणजे, डॉक्टरांस आपला धंदा सांगावा. ‘मी ड्रायव्हर आहे’, ‘मला पहाटे दूध घालायला मोटारसायकलवर जावे लागते’, ‘हंगाम आहे, ट्रॅक्टर माझ्याकडेच असतो’ एवढे एक वाक्य बोलल्यास डॉक्टर गोळीची वेळ बदलू शकतात, कमी गुंगीचे औषध निवडू शकतात, किंवा किती दिवस थांबावे ते स्पष्ट सांगू शकतात. कित्येकदा रुग्ण हे सांगत नाही आणि आम्ही विचारीत नाही.

आता आम्ही विचारतो. त्या घटनेनंतर डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी वाढविण्यात आल्या : ‘घरी कसे जाणार? वाहन कोण चालविणार?’ गुंगीचे औषध असल्यास औषधाच्या खिडकीवर तांबडा शिक्का मारला जातो आणि तो कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे, ते डॉक्टर स्वतःच्या अक्षरात लिहितात. प्रारंभी शिक्का सरसकट सर्व कार्डांवर मारावा, असा आमचा आग्रह होता. आमच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी तो मोडून काढला. सगळ्याच कार्डांवर शिक्का दिसला, तर महिनाभरात त्याकडे कोणी पाहणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते त्यांचे बरोबर होते. काही नातेवाईक या प्रश्नांवर चिडतात. ‘पेशंट आमचा, गाडी आमची, तुम्हांला काय करायचे?’ असे ऐकून घ्यावे लागते. बिलाच्या खिडकीवरील कर्मचाऱ्यांनी ते ऐकून घ्यावे आणि प्रश्न पुन्हा विचारावा, अशी सूचना आहे.

एक प्रश्न मात्र आम्हांस सोडविता आलेला नाही. ज्याची चूल रोजच्या खेपेवर पेटते, त्याने पंधरा दिवसांचा खाडा कसा सोसावा? शिक्का मारून त्याच्या जीपचा हप्ता भरला जात नाही. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत हा विषय दोनदा निघाला. रुग्णालयाच्या निधीतून औषधोपचाराचा खर्च देता येतो, बुडालेल्या रोजगाराची भरपाई देता येत नाही. त्यामुळे तो तेथेच थांबला. कोणा देणगीदारांस यावर व्यवहार्य योजना सुचत असल्यास त्यांनी कार्यालयात अवश्य भेटावे.

आजी आता वॉकर घेऊन घरात हिंडतात. यंदा यात्रेला त्या गेल्या नाहीत. नातवाने फोनवर दर्शन घडविले, असे त्यांच्या सुनेने सांगितले. जीपचालक तपासणीसाठी नियमित येतो. त्याचे प्रिगॅबालिन बंद झाले आहे, दुसरी गोळी अद्याप चालू आहे आणि जीप तूर्त त्याचा धाकटा भाऊ चालवितो. तो स्वतः एसटीने येतो व स्टँडपासून रुग्णालयापर्यंत चालत येतो. कमरेसाठी चालणे चांगलेच, असे डॉक्टरांनी त्याला सांगितले आहे.