मरणोन्मुख रोग्याची शुश्रूषा

"आता उपाय राहिला नाही, घरी न्या," एवढे ऐकून रोग्यास दवाखान्यातून परत आणणारी कुटुंबे आमच्या मंडळ्यांत पुष्कळ आहेत. पुढे काय करावे हे त्यांस कोणी सांगत नाही. उपदेशकास बोलावणे येते. तो प्रार्थना करून निघून जातो. आम्हीही तेच केले आहे. एका वृद्ध भगिनीच्या खाटेजवळ बसून आम्ही सहनशीलतेविषयी बराच वेळ बोललो. त्या बाई पदर मुठीत आवळून ऐकत होत्या. त्यांच्या वेदनेवर औषध होते, हे आम्हास त्यांना मूठमाती दिल्यावर कळले.

बरा न होणाऱ्या रोग्याच्या अशा शुश्रूषेस 'हॉस्पिस' म्हणतात. हा शब्द मूळचा यात्रेकरूंच्या विसाव्याच्या जागेचा. शोमरोन्याने जखमी वाटसरूस ज्या उतारशाळेत नेले, ती येथे आठवावी. आजच्या पद्धतीचा पाया सिसिली सॉन्डर्स ह्या ख्रिस्ती बाईंनी घातला. त्या आधी परिचारिका होत्या. १९४८ साली लंडनमध्ये कर्करोगाने मरत असलेल्या एका पोलिश यहूदी निर्वासिताजवळ त्या बसत. बाईंच्या मनातील घरास एक खिडकी व्हावी म्हणून त्याने ५०० पौंड ठेवले. पुढे बाई डॉक्टर झाल्या, आणि १९६७ साली सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडले. खिडकीनंतर घर व्हावयास १९ वर्षे लागली!

त्यांची मुख्य शिकवण अशी की, रोगी कळवळेपर्यंत थांबू नये. पहिल्या मात्रेचा अंमल उतरण्यापूर्वीच दुसरी द्यावी. तीव्र वेदनेवर पोटात घेण्याचे मॉर्फीन बहुधा दर चार तासांनी देतात. ते अफूपासून होते म्हणून आमचे लोक भितात. परंतु डॉक्टरांनी वेदनेच्या मानाने मात्रा ठरवून दिली असता अशा रोग्यास व्यसन लागण्याचे भय अल्पच असते. मलावरोध मात्र होतो, म्हणून सोबत रेचक लागते. १९८५ च्या कायद्याने हे औषध दुर्मीळ झाले होते. २०१४ साली त्यात सुधारणा झाली. तरी ते कोठे मिळेल याची चौकशी आधीच करून ठेवावी.

वेदना केवळ देहाची नसते, असेही त्या सांगत. फेडावयाचे कर्ज, लेकीचे लग्न, भावाशी मोडलेले बोलणे, ही दुखणी गोळीने जात नाहीत. भावास बोलावून आणणे हे काम मात्र उपदेशकाचे आहे.

आमच्या देशात १९८६ साली मुंबईस वांद्रे येथे शांती अवेदना सदन सुरू झाले. पण खेड्यातील रोग्यास मुंबई दूर. केरळात शेजारीच शिकून परिचारिकेबरोबर घरोघर जातात. ही रीत आमच्या मंडळ्यांस साधण्यासारखी आहे. रोग्यास दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, ओल्या फडक्याने ओठ भिजवावेत. शेवटच्या दिवसांत भूक आपोआप जाते. घास कोंबणे ही माया नव्हे, त्याने ठसका लागतो. "मी वाचेन काय?" असे रोग्याने विचारल्यास खोटे सांगू नये, आधी त्यास काय वाटते ते ऐकावे.

उपदेशकांनी पुस्तक उघडण्यापूर्वी रात्री झोप लागली काय, कोठे दुखते, हे विचारावे. दुखणे केव्हा उठते व किती वेळ टिकते, हे घरच्या शाळकरी मुलाकडून वहीत लिहून ठेववावे. डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्यावी.